मुदतवाढ

‘...आणि उपस्थितांनी टाळ्यांच्या कडकडाटात दाद दिली,’ असं टाइप करून तिने पूर्णविराम दिला. कार्यक्रम उद्या सकाळी अकराला होता. सभागृहाला अजून कुलूप होतं आणि प्रमुख पाहुणे बहुधा घरी बसून बॅग भरत असतील. पण बातमी आदल्या दिवशीच तयार ठेवायची ही विद्यापीठाच्या माहिती कक्षाची रीत होती. उद्या फक्त फोटो चिकटवायचा. तीन वर्षांत तिला बातमीतला एक शब्दही नंतर बदलावा लागला नव्हता. एकदा तर पाहुणे आलेच नाहीत, तरी त्यांनी केलेलं मोलाचं मार्गदर्शन छापून आलं. त्यावर पाहुण्यांनी फोन करून आभार मानले होते.

बातमी बाजूला सारून तिने ‘आगामी’ची फाइल उघडली. ‘आगामी’ म्हणजे दर सोमवारी निघणारं विद्यापीठाचं आठ पानी पत्रक. पुढच्या आठवड्यात कोणत्या विभागात कोण काय बोलणार आणि कोणाला काय कळवण्यात येत आहे, ते सगळं त्यात असे. या वेळी तीन चर्चासत्रं, दोन कार्यशाळा आणि एक परिसंवाद. सहांपैकी चारांच्या नावात ‘काळाची गरज’ होती. पाण्याच्या परिसंवादाच्या नावात ती कालची गरज होती आणि आजचीही. उद्याची तेवढी राहिली होती. ‘वेळेचं व्यवस्थापन’ ही कार्यशाळा तिसऱ्यांदा पुढे ढकलली होती. रद्द असं इथे काही होत नसे. सगळं पुढे जाई आणि पुढे जाता जाता विरून जाई.

कक्षाच्या अधिकाऱ्यांना सगळे पाठीमागे ‘मान्यवर’ म्हणत. स्वतः ते माणसाला माणूस कधी म्हणत नसत म्हणून. फाइल पुढ्यात ठेवली की ते पहिल्या पानावरचा कुलगुरूंचा फोटो पट्टीने मोजत, मागच्या आठवड्यापेक्षा लहान नाही ना याची खात्री करून घेत आणि शेवटच्या पानावर सही ठोकत.

“सगळे आलेत ना?”

“आलेत, सर.”

“बस. ज्याचं नाव राहील तो बोंब मारेल. बाकी वाचतंय कोण!”

या एका बाबतीत तिचं आणि मान्यवरांचं एकमत होतं. सातशे प्रती निघत. त्यांतल्या बऱ्याचशा उपाहारगृहात डब्यांखाली दिसत. ती स्वतःही वाचत नसे. विभागांकडून मजकूर येई, ती तो उचलून जागेवर ठेवी, मथळा ठळक करी, चौकट टाकी. वाचायला काय जातं, पण वाचावं असं त्यात असतं काय? अख्ख्या आवारात ‘आगामी’ वाचणारी एकच व्यक्ती होती. ग्रंथालयातल्या बाई. निवृत्तीला आलेल्या, जाड चष्म्याच्या. दर सोमवारी दुपारी त्या तांबड्या पेन्सिलीने खुणा केलेली प्रत घेऊन दारात उभ्या राहत आणि पान पाचवर सभागृहाचा क्रमांक चुकल्याचं सांगत. त्या गेल्या की ती हसे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, म्हणे.

फोन वाजला. पाळणाघरातल्या काकू होत्या.

पाळणाघराचा नंबर दिसला की ती दुसरी घंटा होऊ देत नसे. दोन वर्षांच्या लेकीचा सकाळचा खोकला तिने मोजला होता. उठल्यापासून अकरा वेळा.

“काय झालं, काकू? ताप आला का?”

“काही नाही झालं. खेळतेय मजेत. पण नव्या वर्षाची यादी लागलीय. तिचं नाव नाही त्यात. एक तारखेपासून आणता यायचं नाही. म्हटलं, आधीच कानावर घालावं.”

ती जिना उतरून मागच्या बैठ्या इमारतीकडे अक्षरशः पळत गेली. विद्यापीठाचं पाळणाघर म्हणजे दोन खोल्या. पण खिडक्यांना जाळ्या होत्या, विजेच्या बटणांवर पट्ट्या होत्या, आणि काकू मुलांना मोजून बाहेर नेत, मोजून आत आणत. पहिल्या दिवशी एवढं पाहूनच ती मुलीला सोडून जाऊ शकली होती. रस्त्यावरचं दुसरं पाळणाघरही तेव्हा तिने पाहिलं होतं. अकरा मुलं टीव्हीसमोर, सांभाळणारी फोनमध्ये, आणि दाराजवळ जमिनीवर उकळत्या पाण्याचं पातेलं. त्या पातेल्याची वाफ तिला अजून स्वप्नात दिसे. नवरा परगावी नोकरीला, पंधरा दिवसांनी येणारा. सासूबाईंना स्वतःचाच गुडघा उचलत नव्हता. आणि ती करारावर. करार दर सहा महिन्यांनी नवा होई, त्यात मोठी रजा घेणारीला कोण विचारतं?

“गेल्या वर्षी होतं की नाव,” ती धापा टाकत म्हणाली.

“गेल्या वर्षीचं गेल्या वर्षी. दर वर्षी नवा अर्ज द्यायचा, दहा तारखेच्या आत. तुमचा आलाच नाही.”

“पण मला कुणी सांगितलंच नाही!”

“असं कसं? ‘आगामी’त आलं होतं की.” काकूंनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली प्रत काढून तिच्यापुढे धरली. “हे बघा. पान सात, क्रमांक चौदा.”

तिने पाहिलं. मथळा ठळक होता. भोवती दुहेरी रेघेची चौकट होती. चौकट तिनेच टाकली होती. दुहेरी रेघ तिच्याशिवाय कुणी वापरत नसे.

“जागा वीस, अर्ज वीस,” काकू सांगत होत्या. “या वेळी सफाईच्या बायकांचेही चार आले. एरवी त्यांना पत्ताच नसायचा. ग्रंथालयातल्या बाई सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांना अख्खं पत्रक वाचून दाखवतात म्हणे.”

“अख्खं?”

“चर्चासत्रांसकट. फार हसतात बायका.” काकूंनी यादी सरळ केली. “आधी कायम नोकरीतले, मग करारावरचे, मग रोजंदारीवरचे, असा नियम आहे. वेळेत दिला असतात तर आठव्या-नवव्या नंबरावर बसला असतात. आता काय करायचं, सांगा?”

पलीकडच्या खोलीत लेक फ्रॉकची कॉलर चोखत एका लाकडी बदकाला झोपवत होती. आई दिसली तशी तिने बोट तोंडाशी नेलं. गप्प. बदक झोपलंय.

कक्षात परत येता येता तिला राग यायला लागला. वीस मुलांच्या जागेची सूचना सातव्या पानावर, आणि पहिल्या पानावर ‘बालसंगोपन : काळाची गरज’, अध्यक्ष कोण तर मुलाची इयत्ता विचारली तर बायकोला फोन लावणारा गृहस्थ! अशा पत्रकात माणसाने वाचायचं तरी काय? आणि त्या चष्मेवाल्या बाईंना दुसरा उद्योग नाही? पुस्तकं सोडून सूचना वाचून दाखवतात!

तिने सोमवारच्या अंकाचं सातवं पान उघडलं आणि एका दमात टाइप केलं : ‘पाळणाघर प्रवेश. अर्ज करण्यास वीस तारखेपर्यंत मुदतवाढ देण्यात येत आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी.’

वाक्य ओळखीचं दिसत होतं. असली वाक्यं तिने शेकड्यांनी चिकटवली होती. देण्यात येत आहे म्हणजे कोण देतंय, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. या वेळी तिने चौकट टाकली नाही.

मान्यवरांनी फोटो मोजला. पानं उलटता उलटता त्यांचा अंगठा सातव्या पानावर थांबला.

“हे काय, पाळणाघर?”

“हो, सर.”

“नुसतं ‘संबंधितांनी’ काय? ‘संबंधित मान्यवरांनी’ करा.”

“पालकांसाठी आहे, सर.”

“मग? पालक मान्यवर नसतात?”

त्यांनी सही केली. ती जागेवर आली आणि तिने एक शब्द वाढवला.

सोमवारी दुपारी ग्रंथालयातल्या बाई दारात उभ्या राहिल्या. तांबड्या पेन्सिलीने पान तीनवर दोन खुणा केल्या होत्या, त्या त्यांनी दाखवल्या. मग सातवं पान काढलं. तिथे खूण नव्हती.

“ही मुदतवाढ काही कळली नाही मला,” त्या म्हणाल्या. “आमच्या चौघींनी वेळेत दिलेत अर्ज. आज वाचलं तर घाबरल्या. परत द्यायचे का, विचारतायत. काय सांगू?”

“परत कशाला?” ती पडद्याकडे पाहत म्हणाली. “दिलेत ते आहेतच की.”

“म्हणजे काळजीचं कारण नाही?”

“नाही.”

“तसंच सांगते मग. तुम्ही म्हणालात म्हणून.” बाईंनी समासात बारीक अक्षरांत काहीतरी लिहून घेतलं. जाताना म्हणाल्या, “चौकट राहिली हो या वेळी. चौकट असली की मला चटकन सापडतं.”

मंगळवारी सकाळी ती नेहमीपेक्षा अर्धा तास आधीच पाळणाघरात पोचली. लेक कडेवर झोपाळलेली होती, रात्रीचा खोकला चार वेळाच. तिने अर्ज मागितला. काकूंनी खणातून कोरा छापील अर्ज काढला, पण लगेच दिला नाही.

“मला वरून कुणी काही कळवलं नाही बाई,” त्या म्हणाल्या. “पण छापून आलंय म्हणजे आलंय. आपण कोण विचारणार?”

“आणखी कुणी आलं?”

“कोण येतंय! तुम्ही एकट्याच.”

“आणि जागा?”

“वीसच. तुम्ही नवव्या झालात की बाकीचे एकेक घर खाली सरकतील.” काकूंचं बोट यादीवरून सरकत तळाशी, विसाव्या नावावर येऊन थांबलं. बोट तिथेच ठेवून त्यांनी दाराकडे पाहिलं.

दारात सफाईचा निळा झगा घातलेली एक बाई उकिडवी बसून आपल्या दीड वर्षाच्या मुलीच्या पायातल्या चपला काढत होती. चपला नव्या होत्या. पट्ट्यावरची किमतीची चिठ्ठी तशीच होती.

“या कशा आज?” तिने हळूच विचारलं. “अजून एक तारीख कुठे उजाडलीय?”

“सवय लागावी म्हणून रोज तासभर आणते. मीच म्हटलं आण. एकदम सोडलं की पोरं आकांत करतात.”

निळ्या झग्यातली बाई मुलीला आत सोडून टेबलाशी आली. मुलगी थेट लाकडी बदकाकडे गेली.

“तुम्ही त्या पत्रकाच्या हपिसातल्या ना, ताई?” बाई म्हणाली. “काल जीव नुसता टांगणीला लागला होता माझा. मुदत वाढली ऐकलं आणि म्हटलं, झालं! गेला आपला अर्ज. आमच्या बाई म्हणाल्या, थांब, विचारून येते. मग येऊन म्हणाल्या, काळजी नाही, त्या ताईंनी स्वतः सांगितलंय.” ती हसली. “तोपर्यंत डबा उघडला नव्हता बघा मी.”

काकू अर्ज तिच्या हातात देऊन खिडकीची जाळी घट्ट आहे का ते पाहायला उठल्या. जाळी घट्टच होती.

तिने अर्ज टेबलावर ठेवला. लेक कडेवरून घसरायला लागली तशी तिने तिला एका हाताने वर सरकवलं. दुसऱ्या हातातलं पेन खाली पडलं. निळ्या झग्यातल्या बाईने ते उचललं, झग्याला पुसलं आणि परत दिलं. मग दोन्ही हात पुढे केले.

“द्या बाळाला इकडे. असं कसं लिहाल?”

लेक परक्याकडे कधी जात नसे. आजी घ्यायला आली तरी आईच्या मानेत तोंड खुपसणारी. आता मात्र ती एवढंसं कुरकुरली आणि त्या निळ्या खांद्यावर मान टाकून तिने परत डोळे मिटले. बाई जागच्या जागी हळूहळू झुलू लागली. तिच्या हाताला जंतुनाशकाचा वास होता, आणि तो हात लेकीच्या पाठीवर एका लयीत पडत होता.

ती उभीच होती. मग तिने खुर्ची ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि अर्जाची घडी तळहाताने सपाट केली. पहिला रकाना पाल्याच्या नावाचा होता.

“सावकाश लिहा, ताई,” पाठीमागून बाई दबक्या आवाजात म्हणाली. “मला घाई नाही.”