एकच, पण जड

नीडी. वह्या, गणवेश, फार तर एखादी जुनी सायकल.

काजं करणारीच्या बोटात सुई घुसली की ती आधी कापड बाजूला करते, मग बोट. डाग पडला तर सगळ्या शर्टाचे पैसे अंगावर येतात.

अंडरप्रिव्हिलेज्ड. लहान मुलांना शोभतो. म्हाताऱ्याला लावला तर साहेबलोक हसतात.

उजवा डोळा गेला. डाव्याला डॉक्टरांनी तीन आठवडे दिले.

पुअर. कागद वाया.

डेस्टिट्यूट. ऑपरेशन.

कुठल्या शब्दाला काय मिळतं हे कचेरीसमोरच्या टाइपवाल्याला तोंडपाठ होतं. फुटपाथवर टेबल टाकून वीस वर्षं तो लोकांचे मदतीचे अर्ज इंग्रजीत करून देत आला होता. मोलकरणी, पहारेकरी, हमाल त्याच्यासमोर उकिडवे बसायचे आणि घासाघीस करायचे.

"काका, असे शब्द अजून दोन-तीन टाका की."

"भाजीत मीठ घालतेस का मुठीनं? एकच टाकायचा, पण जड."

डोळा त्याच्या बायकोचा होता. घरी बसून ती शिंप्याची काजं-बटणं करायची. मदत देणारा ट्रस्ट दोन गल्ल्या सोडून होता, आणि आजवर त्यानं लिहिलेला एकही अर्ज तिथून रिकाम्या हातानं परतला नव्हता. स्वतःच्या अर्जावर मात्र तो दोन दिवस बसला. डेस्टिट्यूट, म्हणजे निराधार, कुणीच नसलेला, हे टाइप करताना बोट जरा अडखळलं. पण टाइप केला.

ट्रस्टच्या मॅडमनी अर्ज दोनदा वाचला.

"कुणी लिहिलाय?"

"मीच."

"सुरेख लिहिता. पण इतकं इंग्रजी येणारा माणूस डेस्टिट्यूट कसा हो? कमिटीला काय सांगू मी?"

"इंग्रजी शिजवून खाता येत नाही, मॅडम."

"हीच वाक्यं गेल्या महिन्यात सहा अर्जांत वाचलीत मी. कुणाची ते आज कळलं." त्यांनी कागद त्याच्याकडे सरकवला. "पेशंटला लिहू दे. आपल्या हातानं, आपल्या भाषेत. उद्या तिलाच घेऊन या."

घरी आल्यावर तो म्हणाला, "मी सांगतो, तू उतरवून घे."

"म्हणजे पुन्हा तेच. सरका तिकडे."

चौथीपर्यंत शिकलेली बाई. कागद नाकाला लावून तिनं दहा-बारा ओळी लिहिल्या. ओळी उतारावरून घसरल्यासारख्या खाली गेल्या. मग घडी घालून कागद तिनं ब्लाउजमध्ये खोचला.

"काय लिहिलंस?"

"अर्ज."

"दाखव तरी. एखादी चूक असेल."

"असू दे."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तो कागद मोठ्यानं वाचला. डोळा, सुई, शिंपी काम काढून घेतोय ते. मग त्या थांबल्या, आणि पुढचं सावकाश वाचलं. "नवरा आहे, पण असून उपयोग नाही. वीस वर्षं दुसऱ्यांचीच दुःखं लिहीत बसला, माझ्याकडे त्यानं कधी वर मान करून पाहिलं नाही."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "हे तुम्हीच ना?"

"हो."

त्यांनी पेन्सिलनं कागदाच्या कोपऱ्यात एक इंग्रजी शब्द लिहिला. टेबलापलीकडून उलटी अक्षरं वाचायची त्याला सवय होती. डेस्टिट्यूट. काल हाच शब्द त्याच्या कागदावर खोटा होता. शिक्का बसला, ऑपरेशन सोमवारचं मिळालं.

जिना उतरताना तिनं त्याचा दंड धरला.

"रागावलात?"

"ते तसलं... कमिटीसाठी लिहिलंस ना?"

"तुम्हीच सांगता ना लोकांना, एकच टाकायचा, पण जड."

"तेच विचारतोय मी."

तिनं पाय पुढे करून पायरी चाचपली. नुसतं हो म्हणाली असती तरी त्याला पुरलं असतं. खोटं म्हणाली असती, तरीही.

"डोळा मिळतोय ना," ती म्हणाली. "मग झालं तर."

रस्त्यावर आल्यावर तिनं त्याचा दंड सोडला आणि भिंतीचा आधार घेत त्याच्या पुढं चालू लागली.

लग्न ठरवताना तिच्या वडिलांनी मुलाबद्दल एकच चौकशी केली होती: इंग्रजी लिहिता येतं का.