आईला कुठली बसेल

आईच्या पाठीत, मानेच्या थोडं खाली, मेमरीच्या पट्ट्या बसवायच्या दोन खोबणी आहेत. त्यांतली एक माझ्या भावानं जाळली.

त्याचा हेतू वाईट नव्हता. जिनेंद्र पुण्याला असतो. त्याला इचलकरंजीला यायला सवड नसते, आणि सवड नसलेली माणसं वस्तू घरपोच मागवतात. आई माणसं विसरायला लागली तेव्हा त्यानं फोनवर बघून नवीकोरी म्हणून विकायला ठेवलेली एक पट्टी मागवली, दिवाळीला आला तेव्हा खाच जुळत नसताना अंगठ्यानं दाबून बसवली, आणि भाऊबीज आटोपून परत गेला. त्यानंतर आई कुठल्यातरी भलत्याच बाईच्या सासूला नावं ठेवायला लागली. त्या सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, तिनं गादीखाली लपवलेले बेदाणे, सगळं आईला तोंडपाठ होतं. मग तिच्या पाठीतून वायर जळाल्यासारखा वास आला आणि ती खोबण काळी पडली.

आता एकच उरली. तिच्यात आईची मूळची जुनी पट्टी होती, पण तीही धरत नव्हती. मी सकाळी चहा घेऊन गेले की आई डोळे उघडायची, माझ्याकडं बघायची आणि म्हणायची, "कोण? कोण? कोण?" तीनदाच, सारख्या अंतरानं. पुढं काही नाही. चहावर साय धरेपर्यंत मी कप घेऊन उभी राहायचे. तिनं मला ओळखावं, एवढंच मला हवं होतं. बाकीचं जग तिला नाही आठवलं तरी चाललं असतं.

मी शाळेत शिकवते, आणि कोथिंबिरीची जुडीसुद्धा दोरा सोडून आतून बघून घेते. मला लांबून बघितलं तरी भाजीवाल्या कपाळाला हात लावतात. त्यात भावानं तोंड पोळून ठेवलेलं, म्हणजे ताकही फुंकून पिणं आलं. पट्टी चुकली तर दुसरी खोबणही जाणार आणि आईचे डोळे नुसते उघडे राहणार. म्हणून मी तिची जुनी पट्टी हलक्या हातानं काढली, रुमालात गुंडाळली, शेजारणीला तिच्याजवळ बसवलं आणि 'मातोश्री कॉम्प्युटर्स'मध्ये गेले.

हे दुकान एका बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये आहे. माग चालू होते तेव्हा आई तिथंच कांड्यांवर सूत भरायची. दुकान लांबरुंद आहे, दोन्ही अंगांना छतापर्यंत कपाटांच्या रांगा, आणि कपाटांत फक्त मेमरीच्या पट्ट्या. मालकीण मगदूमवैनी मधोमध एका स्टुलावर बसतात. समोर गिऱ्हाइकाचं स्टूल असतं.

"काय होतंय?" वैनींनी विचारलं.

"सकाळी तीनदा कोण म्हणते आणि थांबते."

"तोडून तोडून, का सलग?"

"तोडून."

"मग मेमरीच. बोर्ड कुणाचा?"

"आईचा."

"सगळे आईचेच असतात ओ. साल सांगा."

आईला तिचं साल माहीत नव्हतं. पंचगंगेचं पाणी गावात शिरलं होतं त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली, असं आजी सांगायची. मी ते सांगितलं. वैनींनी मान डोलावली आणि उजव्या अंगाची कपाटांची एक रांग गेली. ती होती तिथपर्यंत भिंत आली.

"त्याच्या नंतरचं काय चालायचं न्हाई," वैनी म्हणाल्या. "करंट किती घेतात?"

"कमीच. सकाळी दोन घास, संध्याकाळी दोन."

डावीकडची रांग गेली. तिकडची भिंतही सरकून आली.

"चालीला कशा?"

"हळू."

"मग भारीतली कशाला घेताय? पट्टी किती का पळंना, आई त्यांच्याच चालीनं चालणार."

आणखी दोन रांगा गेल्या. मला हे पटलं. न चालणारं आपणहून बाजूला होत होतं, खरेदी अशीच व्हावी. दुकान आता एका खोलीएवढं राहिलं होतं, एवढंच.

मी रुमाल सोडून आईची पट्टी दिली. वैनींनी ती बल्बाखाली धरली. "कधीकधी नुसता मळ असतोय. खोडरबर हाय?"

शिक्षिकेच्या पर्समध्ये खोडरबर असतोच. वैनींनी पट्टीच्या सोनेरी दात्यांवरून तो घासायला सुरुवात केली. सगळेच दुरुस्तीवाले असं करतात, मी पाहिलेलं आहे. दाते चकाकायला लागले. खाली चुरा पडत होता. मी वाकून बघितलं तर त्या चुऱ्यात माझा निळा परकर होता, नखाएवढा. माझ्या पहिलीच्या पाटीचा कोपरा होता. पुढं पडलेल्या कणाला कान लावला तर आई 'पद्मे' अशी हाक मारत होती, आणि ती हाक अर्धीच होती.

"थांबा," मी म्हणाले.

वैनी थांबल्या. त्यांनी चुरा बोटावर घेऊन बघितला. "ह्यो मळ नव्हता ओ," त्या म्हणाल्या. "हेच हुतं."

मी चुरा रुमालात गोळा केला. मला त्या बाईचा फार राग आला होता. पण खोडरबर मीच दिला होता.

"असली पट्टी आता येत न्हाई," वैनी म्हणाल्या. "नव्याची खाच जुळायची न्हाई. जोर केला तर काय हुतंय ते तुम्ही बघितलंय."

उरलेली कपाटं गेली. भिंती आमच्या खांद्यांपर्यंत आल्या. आता दोन स्टुलं आणि एक बल्ब एवढंच दुकान होतं, आणि आमचे गुडघे एकमेकींना टेकले होते.

"वापरलेली?" मी विचारलं.

"वापरलेली चालंल. पण त्याच घरातली पायजे." त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "फिरा बघू जरा."

जागा नव्हती, तरी मी फिरले आणि पदर खाली घेतला. वैनींचा अंगठा माझ्या मानेखाली दोनदा फिरला.

"खाण तशी माती," त्या म्हणाल्या. "खाच तीच. करंट तेवढाच. बाई, तुमच्यातली बसंल."

"कुठली?"

"दोन हायत. एक शाळेची दिसतीय, पाढे-बिढे. दुसरी आईची."

"शाळेची दिली तर?"

"तर आई पाढे म्हणत बसतील. आडात न्हाई ते पोहऱ्यात कुठनं यायचं? आईचीच द्यावी लागंल."

"आधी दाखवा," मी म्हणाले. न बघता मी काहीच घेत नाही, आणि देतही नाही.

वैनींनी ती अर्धी वर ओढून बल्बाकडं केली. भिंतीवर पडलं ते मला मान वळवून दिसलं. आई मागावरची पाळी सुटल्यावर घरी आली होती. ती उंबऱ्याशी बसली होती, केसांत कापूस भरलेला, कानापर्यंत पांढरी झालेली. तिच्या पाठीमागं गुडघे टेकून लहानपणीची मी बसले होते आणि तिच्या केसांतला कापूस वेचून तिच्या ओंजळीत ठेवत होते. तिचा चेहरा दिसत नव्हता, पाठच दिसत होती. तिला इतकी दमलेली बघून मला आत्तासुद्धा रडू आलं.

मी नीट तपासलं. खाच बघितली. दाते बघितले, एकही काळा नव्हता. चालीचं विचारलं. नाही बसली तर परत घ्याल का, हेही विचारलं.

"लावलेली परत घेत न्हाई," वैनी म्हणाल्या. "आणि एक सांगून ठेवते. काढली की आई तुम्हाला माहीत असतील. आठवणार न्हाईत."

मला भीती वाटली. खूप वाटली. पण पट्टी बसली की आई मला ओळखणार होती, आणि दोघींतल्या एकीला ओळख पटत असली की घर चालतं. मी मान वाकवली.

दुकानातून बाहेर पडताना अंग तिरकं करून निघावं लागलं.

घरी पलंगावर एक म्हाताऱ्या बाई होत्या. शेजारीण त्यांच्या पायाशी बसली होती, ती मला बघून उठून गेली. त्या बाई माझ्या आई आहेत हे मला माहीत होतं, आपला जिल्हा कोल्हापूर आहे हे माहीत असतं तसं. मी त्यांना काळजीपूर्वक कुशीवर वळवलं. परक्या माणसाला हात लावताना होतो तसा संकोच मला झाला. एक खोबण काळी होती. दुसरीच्या तोंडाशी मी पट्टी धरली, खाच जुळवली आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब दिला. टक् असं झालं. वास आला नाही.

मी समोर येऊन उभी राहिले. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. मी पहिल्या 'कोण'ची वाट बघत होते. तो आला नाही. त्यांनी माझ्याकडं पायापासून केसांपर्यंत बघितलं आणि त्यांचा सगळा चेहरा हसला. माझं इतकं कौतुक वाटलेलं माणूस मी कधी बघितल्याचं मला आठवत नव्हतं.

"आई," त्या म्हणाल्या.

मी मागं वळून बघितलं. मागं भिंत होती, माझ्या पाठीला लागून.

"आई, आलीस? सुटली पाळी?"

आवाज लहान पोरीचा होता. कित्येक महिने न उठलेल्या त्या बाई पलंगावरून उतरल्या. त्यांनी माझे खांदे धरून मला उंबऱ्याशी बसवलं आणि त्या माझ्या पाठीमागं गुडघे टेकून बसल्या. मी पद्मा, असं मी म्हणाले. ते माझं शाळेतलं नाव आहे. त्यांनी ते ऐकून घेतलं नाही. मी कुणाला आई म्हणायचे ते मला आठवत नव्हतं, त्यामुळं त्यांना चुकीचं ठरवायला माझ्याजवळ काही नव्हतं.

"हलू नको गं," त्या म्हणाल्या. "किती भरलाय आज."

"ओ," त्यांच्या 'आई' या हाकेला मी म्हणाले.

आमच्या गल्लीतले माग बंद पडून वर्षं झाली. त्यांची बोटं माझ्या केसांत फिरत होती, हळूहळू, एकही केस न ओढता. मग त्यांचा हात माझ्या खांद्यावरून पुढं आला. मी ओंजळ धरली. त्यांनी त्यात पांढरा, ऊबदार कापूस ठेवला आणि आणखी आणायला हात मागं नेला.