बाबांच्या हाताचं माप

उद्या काय होणार ते माणसाला आता आजच दिसतं, आणि ज्या यंत्रात दिसतं त्याला एमआरआय म्हणतात. निदान डॉक्टरांचं बोलणं ऐकून धाकट्याची तशी समजूत झाली. ती जेमतेम दोन मिनिटं टिकली.

त्याच्या बाबांना आदल्या दिवशी अर्धांगाचा झटका आला होता, मेंदूच्या देठात. बाबा पन्नास वर्षं शिंपीकाम करत आलेले. वाचा जराशी अडखळत होती, उजवा हात अर्धाच उचलत होता. तो कात्रीचा हात. दुकानात शिवायला धाकटा आणि ताई होते, पण कापडाला कात्री लावायची ती फक्त बाबांनी.

डॉक्टरांनी पडद्यावर पांढरा डाग दाखवला. तो देठाच्या पुढच्या कडेला टेकलेला होता आणि एकाखाली एक अशा तीन फोटोंत दिसत होता. असा डाग असला की दहातल्या चौघांचं पहिल्या तीन दिवसांत बिघडतं, म्हणून पेशंटला देखरेखीच्या खोलीतच ठेवू, असं ते म्हणाले.

"मग बाबा त्या चौघांत की सहांत?" धाकट्याने विचारलं.

"ते तीन दिवसांनी कळेल."

"पण मग फोटोवरून काय कळलं?"

"हेच, की तीन दिवस लक्ष ठेवायचं."

धाकट्याने मान डोलावली. गिऱ्हाईक 'अंगाबरोबर पण सैल' असं सांगून जातं, तेव्हाही तो अशीच मान डोलवायचा.

लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय, हे बाहेर आल्यावर धाकट्याला आणि ताईला, दोघांनाही सांगता येईना. सिस्टर दर दोन तासांनी येऊन हात उचलायला लावत आणि कागदावर एक आकडा लिहीत. ताईला ते फार ढोबळ वाटलं. तिने पर्समधून टेप काढली, एक टोक गादीला लावलं आणि बाबांना हात वर करायला सांगितलं. नऊ इंच. धाकट्याने औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून घेतलं. मग खात्रीसाठी पुन्हा एकदा. मग पाच-पाच मिनिटांनी, कारण बिघडायला सुरुवात झाली आणि नेमकं तेव्हाच आपण चहाला गेलेलो असलो तर?

दुपारी आठ भरले. चारला साडेसहा. पाचला पाचच.

"चौघांतच निघाले रे," ताई हळूच म्हणाली. धाकट्याने सिस्टरना बोलावलं, सिस्टरनी डॉक्टरांना, आणि बाबांची खाट पुन्हा त्या यंत्राकडे ढकलत नेली.

नवा फोटो आला. डाग होता तेवढाच होता. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून पाहिले आणि कपाळ चोळलं. फोटो म्हणत होता काही झालं नाही, हात म्हणत होता झालं. धाकटा आळीपाळीने फोटोकडे आणि हाताकडे बघत राहिला. खरं कोणाचं मानायचं ते त्याला उमगेना, आणि डॉक्टरांनाही उमगत नाहीये हे पाहून तो जास्तच घाबरला.

शेवटी डॉक्टर बाबांकडे वळले. "आजोबा, हातात काय होतंय?"

बाबांनी जिभेची जुळवाजुळव केली. "दुखतोय," ते म्हणाले. मग एकेक शब्द सुटा करत, "गिऱ्हाईक... एकदाच... माप देतं."

डॉक्टरांनी चिठ्ठी मागून घेतली. सकाळपासूनची चौसष्ट मापं होती. त्यांनी ती मोजली, टेपही ठेवून घेतली आणि भेटायची वेळ संध्याकाळी अर्धा तास करून टाकली.

ते तीन दिवस दोघांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. चौथ्या दिवशी सकाळी सिस्टरनी हात उचलायला लावला. पहिल्या दिवशी यायचा तेवढाच वर आला. त्या हातात आता चमचा राहत होता, कात्री राहत नव्हती, आणि कधी राहील ते फोटोत दिसत नाही असं डॉक्टर म्हणाले. फाइलवर 'स्थितीत बदल नाही' अशी नोंद झाली. साडेदहाला बाबांना साध्या वॉर्डात हलवलं, आणि पावणेअकराला त्यांच्या खाटेवर दुसरा पेशंट आला.