हिरवं दिसलं म्हणून

आषाढात स्वप्निल गावी आला. बॅगेत दोन शर्ट आणि गोळ्यांची पाकिटं. त्याचा बाप दुलीचंद, म्हणजे कैलाशचा मोठा भाऊ, गोंदियात किराणा दुकान चालवतो. फोनवर म्हणाला होता, "गाँव की हवा लगेगी तो सुधर जाएगा. इथं गिऱ्हाइकासमोर रडते."

कैलाश म्हणाला, "धाडून दे."

अर्जुनी मोरगावच्या अलीकडचं गाव. तलावाखाली धानाच्या बांध्या, घरात कैलाश आणि मंजू, आणि आता मागच्या खोलीत हा. वीस वर्षांचा पोरगा, भिंतीकडे तोंड करून.

मंजू : चाय घेतं का गा?
स्वप्निल :
मंजू : मंग बाजूले ठेवतो. थंडा झाला तं सांगजो, गरम करून देईन.
स्वप्निल :
मंजू : काकीवर राग हाये का?
स्वप्निल :

राग नव्हता. काहीच नव्हतं, तेच तर होतं. मंजू गोळी द्यायची, तो गिळेपर्यंत उभी राहायची, कप उचलून न्यायची.

रोवणी झाली. धान पोटरीत आलं. आणि एका दुपारी जेवताना,

स्वप्निल : काकी, मीठ कमी आहे.

मंजू मीठ आणायला म्हणून उठली ती थेट शेजारच्या देवकाबाईकडे. "मीठ कमी हाये म्हनला व! भाजीत मीठ कमी हाये म्हनला!" देवकाबाईला कळेना यात हसण्यासारखं काय आहे आणि ही रडते कशाला.

मग तो बांधावर जाऊ लागला. कैलाशची मोटारसायकल पुसू लागला. दोन पोळ्या खाऊ लागला.

दिवाळी आली, तिच्यामागून गावची मंडई, वर्षाची जत्रा, येणार होती. मंडई म्हणजे घर पाहुण्यांनी भरणार. चूल थंड होणार नाही. आणि कोनाड्यात ठेवलेली पाकिटं कोणीतरी उचलून विचारणार, हे कायचं औषध?

"आता बंद करू," कैलाश म्हणाला.

"डॉक्टरनं तं सांगतलं, मनानं बंद नोका करू."

"ऐकून घे. धानाले तुडतुडा लागला तं आपन फवारतो. पान हिरवं झालं का पंप धुऊन ठेवतो का नाई? मंग बी मारत बसलो तं दानाच बिघडते. पोट्टा हिरवा झाला. दिसून नाई राह्यलं का तुले?"

दिसत होतं. तिलाच सगळ्यात जास्त दिसत होतं.

स्वप्निल : बंद केल्या तर चालेल?
कैलाश : तू बरा हायेस ना आता?
स्वप्निल : हो. वाटतंय तसं.

आणि तो हसला. गोळ्या गोदरेजच्या कपाटात, साड्यांखाली गेल्या.

मंडईच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "काकी, डोक्यात झटके येतात. बल्ब चालू-बंद केल्यासारखे."

"उन्हात फिरतं ना. कांदा ठेव खिशात."

मंडईचा दिवस. आत्या जमुनाबाई आल्या, ओसरीवर पाय पसरून बसल्या, उकडलेले शिंगाडे सोलायला घेतले. "का गा स्वप्निल, नवरदेव दिसून राह्यला! पाहू का एखादी?"

"पाहा ना आत्या. शिंगाडे सोलणारी पाहा."

सगळे खो खो हसले. कैलाशनं मंजूकडे बघितलं, बघ, म्हणालो नव्हतो.

दुपारी सगळे दंडार, नाचगाण्याचा खेळ, बघायला चावडीपुढं गेले. ढोलकी वाजली. गर्दी मागून रेटत होती. स्वप्निलनं कैलाशचा दंड धरला.

"काका, चल ना घरी."

"आत्ता तं सुरू झाली."

"काका, श्वास —"

आणि तो खाली बसला. बसला नाही, घसरला. हात थरथरतात, बोटं आखडतात, तोंड उघडं, छाती भात्यासारखी. ढोलकी थांबली.

"अंगात आलं!"

"माय आली गा माय! सरका, जागा करा!"

कोणीतरी नारळ आणला. कोणीतरी त्याच्या कपाळभर कुंकू फासलं. मंजू आत घुसायला बघत होती, बाया तिला मागं धरत होत्या, मधात जाऊ नको व, कोप होते. जमुनाबाईंनी पदर पसरला, त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. "माय, माह्या रिंकूचं लगन कवा जुडंल?"

स्वप्निल : मरतोय — मी मरतोय —

"काय म्हनली? काय म्हनली माय?"

कैलाशनं त्याला उचललं तेव्हा लोक हात जोडून बाजूला झाले.

चार-आठ दिवसांनी गोंदियाला. डॉक्टर रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू. आठवडे लागतील. मागच्यासारखा गुण येईलच असं आज सांगत नाही. दुलीचंद दुकान सोडून आला नाही. फोनवर म्हणाला, "तुमच्याकडे ठीक तर होता ना?"

परतीच्या बसमध्ये स्वप्निल बोलला. एवढं एकदम तो आधी कधी बोलला नव्हता.

"काका, मला वाटलं होतं मी बरा झालो. तो मी नव्हतो, गोळी होती. मी म्हणजे हा आहे, चावडीपुढं पडलेला. परत तिथवर चढून यायचं, परत हसायचं. मला नाही होणार. तुमच्यावर राग नाही. खरंच नाही."

"मीच बंद करायले लावली. चूक माही हाये."

"चूक कोणाचीही असू दे."

आता धान पिवळं पडून वाकलंय. बाकीच्यांच्या बांध्या कापून झाल्या. मजूर दोनदा विचारून गेले. कैलाश पेचकस घेऊन मागच्या खोलीच्या दाराशी बसलाय, आतली कडी काढतोय. स्क्रू गंजलेले, घसरतात.

"कायले काढता?" मंजूनं विचारलं नाही. तिला माहीत होतं, हे दार आतून लागायला नको.

खाटेवर स्वप्निल, भिंतीकडे तोंड. तळहातावर सकाळची गोळी. मंजू पाण्याचा पेला धरून उभी.

"घे ना बापा. एक."

"नंतर."

"माह्यासमोर घे."

त्यानं मूठ मिटली. गोळी आत. तोंडाकडे हात गेला नाही.

कडी निघाली. कैलाश उठला नाही. दार आता लागत नाही. वाऱ्यानं उघडतं, मिटतं, उघडतं, आणि दर वेळी मंजू दाराकडे वळते, पेल्यातलं पाणी थोडं सांडतं.