मेल्या भैयाजीचा मेसेज

आरती संपते न संपते तोच मुर्री गावच्या राईस मिलच्या आवारात सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजले. बायांनी पदर डोक्यावर ओढले. टेकचंद शेतकऱ्यानं डोळे बारीक करून मोठ्यानं वाचलं, "धान वाळवूनच आणा. ओलं घेणार नाही. तुमचा, भैयाजी."

भैयाजी म्हणजे मिलचे मालक. ते वारले, त्यांची तेरवीसुद्धा होऊन गेली होती.

"देखा? देखा?" तारबाबा गरजला. हा गृहस्थ कुठून उगवला देव जाणे! गळ्यात रुद्राक्षांसोबत कॉम्प्युटरची निळी तार, तोंडात भलभलते शब्द. "आत्मा नेटवर्क में अटका है! जुन्या मशीनमधून नव्यात परकायाप्रवेश करवला, विधी केलाच नाही! आता तो नातीले घेऊन जाईन!"

भैयाजींचा मुलगा गजेंद्र पांढराफटक पडला. त्याची छोटी मुलगी खुशी घरात तापानं फणफणत होती. माणूस शिकलेला, पण पोरीच्या जिवापुढे ते शिक्षण कुठल्या कुठे गेलं.

मिलचं कॉम्प्युटर सांभाळणारी नीतू मागे भिंतीला टेकून उभी होती. खरं काय ते त्या गर्दीत तिला एकटीलाच ठाऊक होतं.

झालं होतं एवढंच. मिलचे मेसेज एका लिनक्स व्हर्च्युअल मशीनवरून जायचे. म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात चालणारा दुसरा कॉम्प्युटर. हात लावायला काही नाही, सगळा फायलींचा संसार. ते ज्या सॉफ्टवेअरवर चालायचं त्याचं लायसन महागलं, म्हणून भैयाजी असतानाच नीतूनं ते मशीन दुसऱ्या, फुकटच्या सॉफ्टवेअरवर नेलं. आधी ते तिथं सुरूच होईना. नवी डिस्क चालवणारा 'ड्रायव्हर' प्रोग्राम त्यात नव्हता, नेटवर्क कार्डाचं नावही बदललेलं. तिनं ते निस्तरलं. पण 'नेलं' म्हणायचं एवढंच, खरी तर ती नक्कल होती. मूळ मशीन ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यात चालूच राहिलं. नवं बिघडलं तर असावं म्हणून नीतूनं ते ठेवलं आणि विसरली. गजेंद्रनं विचारलं तेव्हा "केलं बंद" म्हणून मोकळी झाली. तोवर एकच मेसेज दोनदा यायचा, पण ते कोणी मनावर घेतलं नाही. तेरवीनंतर नव्या मशीनमध्ये गजेंद्रचं नाव घातलं. जुन्याला कोण सांगणार, मालक मेला म्हणून? भैयाजींनी लावून दिलेल्या वेळेला ते रोज संध्याकाळी इमानेइतबारे मेसेज धाडत राहिलं. आणि हा लबाड बाबा नेमका त्या वेळेच्या थोडं आधी आरती धरायचा!

नीतूला हे पहिल्या दिवशीच उमगलं होतं. खरं सांगावं तर नोकरी जाणार. गुपचूप बंद करावं तर बाबा म्हणणार, मीच आत्मा काढला. आज सांगू, उद्या सांगू, असं करत ती गप्प राहिली.

"किसी ने आत्मा बांधी है!" तारबाबाचं बोट फिरत फिरत शामकलावर थांबलं. ऑफिसात झाडलोट करणारी ही बाई विधवा, तिच्या बाजूनं बोलणारं कोणी नाही. अशा बोटांना अशीच माणसं बरोब्बर सापडतात. "त्या डब्याले रोज हात कोण लावते?"

"मी धूळ पुसतो जी," शामकला म्हणाली. "मी कायले बांधीन? मालकाचं मीठ खाल्लं मी."

कढई आधीच चढवलेली होती. उकळत्या तेलातून नाणं काढायचं. निर्दोष असेल तर हात भाजणार नाही म्हणे! चौघांनी तिला ओढलं. गजेंद्र मान खाली घालून उभा राहिला.

नीतू ऑफिसात धावली, लॅपटॉप उघडला, जुन्या मशीनमध्ये शिरायला गेली. घाईत पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. बाहेरून किंकाळी आली. मग एकदाचे मोबाईल वाजले, "शामकलाले सोडा. तुमचा, भैयाजी."

लोकांनी तिला सोडलं आणि ऑफिसातल्या त्या डब्याच्या दिशेनं लोटांगण घातलं. बाबा चपापला, पण मुरलेला गडी! "भैयाजी ने माफ किया! कल वो असली डाइन का नाम बताएगा!"

नीतू तिथंच गप्प बसली असती तरी कोणाला पत्ता लागला नसता. पण उद्या हेच बोट दुसऱ्या कोणा बाईवर जाणार होतं. ती बाहेर आली. "तो मेसेज मी लिहिला."

"झूठ!" बाबा ओरडला.

"टेकचंदभाऊ, कोणाले माहीत नसन असं काही माह्या कानात सांगा."

टेकचंद कुजबुजला. नीतू आत गेली. थोड्याच वेळात मोबाईल वाजले, "टेकचंदची म्हैस आटली. तुमचा, भैयाजी."

"बापा! हे त म्या बायकोलेबी नाई सांगतलं," टेकचंद म्हणाला. कोणीही हसलं नाही.

मग तिनं सगळं उलगडून सांगितलं आणि सर्वांसमोर जुनं मशीन बंद केलं. बाबा गेटकडे सरकत होता. टेकचंदनं त्याच्या गळ्यातली निळी तार धरून ठेवली आणि पोलिसांना फोन लावला.

"तू त बंद केलं म्हणाली होती," गजेंद्र म्हणाला.

"खोटं बोलली, भाऊ. पण आता पोरीले आधी गोंदियाले दवाखान्यात न्या. ताप आहे तो, आत्मा नाई."

तो धावत सुटला. शामकला बादलीच्या पाण्यात हात बुडवून बसली होती. बोटांची कातडी सुटून पाण्यात लोंबत होती. नीतू जवळ बसली.

"तुले पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो, मावशी."

"मंग माहा हात जळेपर्यंत काऊन थांबली वो, पोरी?"

नीतू नवं गार पाणी आणायला उठली.

वाचकहो, मशीनची नक्कल होते, मेलेला माणूस परत येत नाही. काही अजब घडलं तर आधी विचारा, हे कोण करतं, कसं करतं, कोणत्या वेळेला करतं. बाबाला आत टाकायला कायदा आहे. जाणत्या माणसाच्या मौनाला कायदा नाही. तुम्हाला खरं ठाऊक असेल, तर तेल तापायच्या आधी बोला.