सुनेच्या नावाचा केसपेपर

बाईच्या देहातली यच्चयावत दुखणी उष्णतेतून उपजतात, हा रुखमाबाईंचा सिद्धांत पोंभुर्ण्याभोवतीच्या चार गावांत निर्विवाद होता. अडचण एवढीच, की थंडावा म्हणून तीन आठवडे तांब्या तांब्या खडीसाखरेचं पाणी पिऊनही खुद्द सिद्धांतकर्त्या बाईंच्या अंगावरून पांढरं जाणं थांबेना, आणि खाजेपायी त्या भजनातून दोनदा उठून आल्या होत्या.

मोठी बिमारी तर नसेल, या धास्तीनं त्यांचं जेवण तुटलं. पण चार गावांना सल्ला देणाऱ्या बाईनं स्वतःचं दुखणं सांगावं कोणत्या तोंडानं? त्यांनी सुनेला, रंजीताला, सरकारी दवाखान्यात नेलं आणि केसपेपर तिच्या नावानं काढला.

"पेशंट तू. बोलीन मी."

"पण मले काईच होऊन नाई राह्यलं, आत्याबाई!"

"तोंड बारीक कर. बिमार दिस."

डॉक्टर मॅडमनी रंजीताला विचारलं, "कसं जातं? पाण्यासारखं, पिवळं-हिरवं, की दह्याच्या चोथ्यासारखं?"

"चोथ्यासारखं," रुखमाबाई म्हणाल्या.

"घाण वास? रक्त?"

"नाई जी. पण खाज अशी, का दुश्मनालेही न होवो."

"शेवटची पाळी कधी आली?"

"बंद होऊन चार वर्सं झाली."

मॅडमनी चोवीस वर्षांच्या रंजीताकडे पाहिलं. रंजीता पंख्याकडे पाहू लागली.

"बाई, टेबलावर तुम्हीच या."

आतून तपासणी झाली, कापसाच्या काडीवर नमुना घेतला, बोटातून रक्ताचा थेंब काढला.

"कॅन्सरसारखं काही दिसत नाही. बुरशी आहे. आणि रक्तात साखर तीनशे वीस! साखर वाढली की ही बुरशी माजते. गोड काही घेता?"

रुखमाबाईंनी तांब्याचं सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे रोज त्या बुरशीलाच खाऊ घालत होतात."

"मी त उष्णता मारून राह्यली होती जी!"

आत ठेवायच्या गोळ्या आणि साखरेचं औषध घेऊन रुखमाबाई बाहेर आल्या, त्या वेगळ्याच रुबाबात. बाकावरच्या बायांपुढे उभ्या राहून त्यांनी हात उंचावला.

"बायाहो, लाजू नका! पांढरं जायाची कारणं बारा असतात. घरी बसून ठरवू नका, मॅडमले दाखवा!"

बाया माना डोलवू लागल्या. रुखमाबाई रंजीताच्या कानाशी वाकल्या.

"अवं, इथी बाथरूम कुठी आहे, तूच विचार ना लवकर. मले लाज वाटते."