पहिल्या पंगतीची आमटी

आमच्या मालकांची जीभ दोन ठिकानी लई चालायची. एक चावडीवर आन दुसरं माझ्या सैपाकावर. चावडीवर काय बोलायचं ते बोला बाबा, मला काय त्याचं! पन सैपाकाच्या पायी मातर माझं डोकं फिरायची पाळी आलती.

त्यात दुस्काळानं भर घातली. श्रीगोंद्याकडं आमच्या गावाला पाऊसच झाला न्हाई, भैरोबाचा भंडारा बंद पडला. दुस्काळी कामावर खडी फोडायची आन रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी गिळायची, त्यात कशाचा भंडारा? तवापासून ह्यांचं सुरू झालं. ताटात काय बी वाढा, मालक पहिला घास घेनार, डोळं मिटनार आन म्हननार, "भंडाऱ्याच्या आमटीची सर कशाला न्हाई."

आता ह्यांना आमटीचं एवढं का, तर हे भंडाऱ्याचे आचारी. आमच्याकडं रीतच अशी. आमटी गड्यांनी करायची, देवळापुढं मोठी काहिल चढवून. बायांनी घरोघर भाकरी भाजायच्या आन पाट्या भरून देवळात धाडायच्या. काहिलीपाशी मालकांचा शब्द शेवटचा. घरात न्हाई, म्हनून तिथं.

मग एकदाचा पाऊस झाला. बाजरी झाली, तूर घरात आली, माघातल्या पुनवेला भंडारा ठरला. मला वाटलं, सुटले. कशाची सुटतीय! भंडारा जवळ आला तसं ह्यांचं आठवनं वाढतच गेलं. म्हनलं, ह्या मानसाला घरीच ती आमटी करून घालावी आन तोंड बंद करावं.

केली. म्हनले, "चांगली हाय, पन मसाला पुढं गेला." पुन्हा केली. म्हनले, "आता लसून मागं ऱ्हायला." आमटी हाय का शर्यतीचे बैल, पुढं जायला आन मागं ऱ्हायला?

"काय काय घालता ते सांगा तरी," मी म्हनलं.

"ते सांगायचं नसतं. ती गड्यांची आमटी. बायकांच्या हाताला यायची न्हाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऱ्हाऊ दे म्हनलं तुमचं गुपित! लगीन होऊन आले तवापासून मी बी भंडाऱ्याला जेवते, माझ्या जिभेला काय कुनी कुलूप घातलंय? ध्येनात आनून आनून केली. डाळ नावाला. पानी ढीगभर. तिखट असं की कानातनं वाफ निघावी. आन तळाला लागल्याचा करपट वास यायला पायजे, म्हनून पातेलं मुद्दाम जरा लागू दिलं. चाखली मातर, देवाशपथ सांगते, देवळापुढचं पटांगनच डोळ्यापुढं आलं. तीच! मी एकटीच चुलीपुढं हसायला लागले.

ऐटीत पितळी भरून मालकांपुढं ठेवली. एक भुरका मारला आन माझ्याकडं बघितलं.

"हे काय? भांडी धुतल्यालं पानी वाढलंस व्हय?"

"भंडाऱ्याची आमटी हाय ती. वळखा."

मालक असं हसले की ठसका लागला. तांब्याभर पानी पिऊन पुन्हा हसले. मी उठले ती थेट ओसरीवर गेले आन आत्याबाईंना हाताला धरून आनलं. आमच्या सासूबाई, गोजरबाई. ह्या घरात येऊन हाडं झिजली त्यांची, एक भंडारा चुकला न्हाई. जाऊबाई रतनबाई बी मागनं आल्या, भांडन कुठं बी असू दे, त्यांना पहिल्यांदा ऐकू जातं.

आत्याबाईंनी भुरका मारला. डोळं भरून आलं त्यांचं. तिखटानं न्हाई.

"आगं चांगुने, हीच की गं! लई दिसांनी!"

"तंतोतंत," रतनबाई म्हनल्या. "कुठनं आनलीस?"

"आये, तुला चव तरी कळती का?" मालक खवळले. "ह्यात डाळ कुठं हाय?"

"येडा का खुळा तू? भंडाऱ्याच्या आमटीत डाळ कशी असंल? एवढ्या लोकाला पुरंल व्हय डाळ?"

"आगं, डाळ लोन्यासारखी मऊ असती! वर लालभडक तर्री! खोबऱ्याचा वास असा की वेशीपतुर..."

आन मालक एकदम गप झाले. लई गप. मला तवाच संशय आला, कारन गप बसनं ह्यांच्या रक्तात न्हाई.

"बोला की," मी म्हनलं. "ती लोन्यासारखी डाळ आमी जेवायला येईपतुर कुठं जाती?"

मालकांनी कान खाजवला. "आता असं हाय... आधी गडी जेवत्यात. मग पाव्हनं. मागनं तुमी बाया. तवर काहिल तळाला जाती. मग कढत पानी वतायचं, वरनं तिखट मारायचं. कुनाला कळत न्हाई."

"कुनाला?"

"म्हंजी... बायकांला गं. कधी कुनी बोललं न्हाई."

काय बोलनार कपाळ? जी कधी खाल्लीच न्हाई ती येगळी हाय हे कळनार कसं? मला हसावं का रडावं ते समजंना. रतनबाई लाटनं शोधायला लागल्या.

आत्याबाईंनी मातर पितळी खाली ठेवली. "कानिफा, मला ती डाळीची आमटी खायची हाय. डोळं मिटायच्या आत एकदा."

"तुला तांब्याभर बाजूला काढून ठेवतो, आये."

"चोरून खायला मी काय मांजर हाय? पंगतीत बसून खानार. पहिल्या."

मालकांनी हात जोडले. पहिल्या पंगतीला बाया? आप्पासाहेब पाटील ऐकायचे न्हाईत, गाव हसंल, रीत मोडली तर भैरोबा कोपंल. मी म्हनलं, भैरोबानं असं तुमच्या कानात सांगितलं व्हय, काहिल ढवळताना? पन ते हटंनात. आप्पांना विचारायची बी ह्यांची छाती हुईना.

बरं. न्हाई तर न्हाई. मी विहिरीवर बोलले, रतनबाई दळनाला गेल्यावर बोलल्या. जिला सांगितलं तिनं पहिल्यांदा कपाळावर हात मारला, मग हसली, मग पुढं सांगायला गेली. नवऱ्याला सांगायचं न्हाई, एवढीच अट.

पुनवेला सकाळपासून काहिल रटरटत हुती. वास साऱ्या गावात. आमी भाकरी भाजल्या, पाट्या भरल्या आन बसून ऱ्हायलो. देवळात गडी भाकरीची वाट बघतायत. निरोप आला. आमी म्हनलं, येतोय, येतोय. ऊन डोक्यावर चढू दिलं, गडी भुकेनं चांगले मऊ होऊ दिले, आन मग निघालो. साऱ्या बाया. डोक्यावर पाट्या, पुढं काठी टेकत आत्याबाई. पटांगनात गेलो आन वळीनं बसलो. पाट्या मांडीवर, पितळ्या पुढ्यात.

आप्पासाहेब पुढं आले. "बायांनो, भाकरी ठेवा आन घरला जावा. मागनं या जेवायला."

"आप्पा," आत्याबाई म्हनल्या, "आमटी तुमच्याकडं, भाकरी आमच्याकडं. आमी काय, घरी जाऊन ठेच्यासंगं बी खाऊ. तुमी आमटी कशासंगं खाता ते बघा."

आप्पांनी काहिलीकडं बघितलं. देवाकडं बघितलं. मिशीवरनं हात फिरवला. मागनं गड्यांचीच कुजबुज सुरू झाली, वाढा की वो, जीव चाललाय! आप्पांच्या पोटातनंच भैरोबा बोलला असावा.

"वाढा," म्हनले.

बादली घेऊन मालक आले. मान खाली. आधी आईपुढं थांबले, पितळीत आमटी वतली. डाळ हुती. तर्री हुती. म्हातारीला आवडली न्हाई तर?

आत्याबाईंनी भाकरी चुरली, कालवली, घास घेतला. दुसरा घेतला. साऱ्या बाया त्यांच्या तोंडाकडं बघत हुत्या, कुनी पितळीला हात लावंना.

"तुझा बाप दर भंडाऱ्याला घरी येऊन म्हनायचा," आत्याबाई हळूच बोलल्या, "'गोजरे, आज आमटी काय झालती!' मी म्हनायची, 'व्हय, लई झालती.' जलमभर एकमेकाला व्हय व्हय म्हनत ऱ्हायलो रं आमी. तो गेला बिचारा. त्याला बी कळलं न्हाई, मला बी न्हाई."

मालक बादली धरून तसेच उभे. डोळ्यातनं पानी, आन पुसायला हात रिकामा न्हाई.

"बघत काय ऱ्हायलास?" आत्याबाईंनी पितळी पुढं केली. "वाढ."